बारा मण्यांची अँटिबॉडी: वाय झकास, वर्ग मात्र नुसते रंगवलेले

आमच्या कॉलेजात बारावीला अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना नि विषाला धरणारं शरीरातलं प्रथिन, शिकवायची म्हणजे बाईंनी फळ्यावर तिच्या आकाराचा एक वाय (Y) काढायचा आणि पोरांनी तो वहीत उतरवायचा. पंधरा वर्षं मीही तेच केलं. दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन हे मॉडेल दिसलं, १,८५० रुपये. कॉलेजच्या खर्चात बसेना, म्हणून पदरचे पैसे घातले. तेव्हा आता चार शब्द स्पष्ट बोलते.

खोक्यात एक वीतभर मोठा वाय आहे आणि वेगळ्या पिशवीत पाच रंगांचे छोटे वाय. आधी मोठ्याबद्दल, कारण पैसे त्याच्यासाठीच वसूल झाले.

हा वाय सुट्या मण्यांचा आहे. दोन्ही हेवी चेनना (लांब साखळ्यांना) चार-चार मणी, लाइट चेनना (आखूड साखळ्यांना) दोन-दोन, एकूण बारा. आयजीजी या वर्गाच्या अँटिबॉडीची खरी रचना अशीच असते, एकेका मण्यात साधारण ११० अमिनो आम्लं. साखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध म्हणून लोहचुंबक लावलेत. हातांच्या टोकाच्या मण्यांवर लाल उंचवटे आहेत, हेवीवर तीन, लाइटवर तीन. अँटिजेनला, म्हणजे अँटिबॉडी ज्याला ओळखते त्या परक्या पदार्थाला, धरतात ते हेच सहा वेटोळे. सोबत तीन आकारांचे अँटिजेन दिलेत आणि त्यातला एकच बसतो. मागच्या बाकावरच्या एकाने उरलेले दोन जोर लावून बसवायचा प्रयत्न केला, बसले नाहीत. त्याला त्या दिवशी जे कळलं ते माझ्या पंधरा वर्षांच्या फळ्याने कुणाला कळलं नसेल.

खरी गंमत बिजागरीपाशी, म्हणजे वायचे हात आणि पाय जुळतात तिथे आहे. वाय तिथे दोन ठिकाणी सुटतो. बिजागरीच्या वर सोडवला की तीन तुकडे होतात: दोन हात आणि एक पाय. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टरनी पपेन वापरून नेमके हेच तुकडे केले होते. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतो ना, तेच. त्याच सुमारास अमेरिकेत जेराल्ड एडलमननी डायसल्फाइड बंध तोडून साखळ्या सुट्या केल्या. १९७२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. हे सगळं मी चुंबक ओढून दाखवलं.

बिजागरीच्या खाली सोडवला की दोन्ही हात एकमेकांना जोडलेले राहतात आणि फक्त पाय जातो. ही पेप्सिनची, म्हणजे जठरातल्या एन्झाइमची करामत. आमचा जिल्हा रत्नागिरी, वर्गात निम्म्या घरी कधी ना कधी फुरसं निघालेलं. सर्पदंशावर देतात ती लस घोड्याच्या अँटिबॉडीचा पाय असाच पेप्सिनने काढून केलेली असते, आणि मुंबईला हाफकिनमध्येही ती तयार होते, हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प. विषाला धरायला हात पुरतात. घोड्याचा पाय माणसाच्या अंगात गेला तर त्रासच वाढायचा.

मोठ्या वायमध्ये खोट म्हणाल तर लाइट चेनचे चुंबक कमजोर आहेत. तिसऱ्या तुकडीपर्यंत एक मणी कपाटाखाली गेला होता. आणि बिजागरी कडक प्लॅस्टिकची! जी वाकायला हवी तीच वाकत नाही. मी तिथे परकराचं इलॅस्टिक बांधलं, आता हात छान हलतात.

आता ती पाच रंगांची पिशवी. हे अँटिबॉडीचे पाच वर्ग: आयजी-जी, ए, एम, डी, ई. पोरं ‘गामडे’ म्हणून पाठ करतात, कुणाचं आडनाव असल्यासारखं. संच करणाऱ्यानेही बहुतेक तेवढंच पाठ केलं असावं. एकच साचा, रंग पाच. अहो, वर्ग ठरतो तो हेवी चेनच्या न बदलणाऱ्या भागावर! आयजीजीचा पाय वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) पेशी ओळखतात, म्हणून आईची अँटिबॉडी बाळाला मिळते. आयजीईचा पाय अ‍ॅलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशीवर जाऊन बसतो, म्हणून धुळीने शिंका येतात. एम आणि ईला तर बिजागरीच नसते, त्यांच्या हेवी चेनला चारऐवजी पाच मणी असतात. इथे सगळ्यांना चारच. एमचे पाच वाय एका कड्यात अडकवलेत, दहा हात बरोबर मोजता येतात, पण त्यांना सांधणारी जे चेन गायब. एचे दोन वाय पायाला पाय लावून थेट चिकटवलेत, तिथेही ती नाही.

माहितीपत्रकात तर लिहिलंय की एका अँटिबॉडीचे दोन हात दोन वेगवेगळे अँटिजेन पकडतात. साफ चूक. आपल्या शरीरात एका पेशीने बनवलेल्या वायचे दोन्ही हात एकसारखेच असतात. तो कागद मी पोरांच्या हाती लागू दिला नाही. विक्रेत्याला सविस्तर लिहिलं, तर उत्तर आलं, ‘रंग आवडला नसेल तर बदलून देऊ.’

शेवटी गणपतीतली उरलेली शाडूची माती भिजवली आणि बारा मणी वळले, दहा एमला, दोन ईला. जे चेनसाठी केसांची आकडी. काम भागलं.

पाचपैकी साडेतीन तारे. नुसता मोठा वाय सुटा मिळाला तर डोळे मिटून घ्या. साठ पोरांच्या वर्गाला एक पुरत नाही, दोन लागतात, आणि मणी मोजून परत घ्या.