‘पहिल्या पानाची गॅरंटी’ घेतली आणि ५१,६९९ घालवले

एकूण ५१,६९९ रुपये, वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणणाऱ्यांना. आकडा आधीच सांगून टाकतो. घरात मी अजूनही ‘चाळीसेक हजार’ एवढंच सांगितलंय.

मी घड्याळं दुरुस्त करतो. चावीची, लंबकाची, मनगटावरची, सगळी. सव्वीस वर्षं झाली. माझा एक नियम आहे: घड्याळ गिऱ्हाईकासमोर उघडायचं, बिघाड डोळ्यांनी दाखवायचा आणि मगच पैशाचं बोलायचं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्यांना मी पैसे दिले त्यांनी चार महिन्यांत काहीही उघडून दाखवलं नाही, आणि मीही दाखवा म्हटलं नाही, म्हणून सांगतोय.

वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. साधी होती, पण माझी होती. ती गूगलवर कुठेच दिसत नव्हती, तेव्हा वाटलं, एसईओ, म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणायचं काम, काय असतं ते आपणच शिकू. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘आयतं पाहिजे होतं म्हणून फसलास’ असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय. आयतं नव्हतं पाहिजे. मी शिकायला गेलो होतो.

कोर्सची फी ७,४९९. आठ रविवार, ऑनलाइन. पहिले तीन रविवार खरंच बरे गेले. पानाचं शीर्षक कसं लिहायचं, प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक का हवं, फोटोला वर्णन का द्यायचं, गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं तेच शब्द पानावर कसे असावेत, हे सगळं पटण्यासारखं होतं. फसवणारा माणूस सुरुवातीला खरंच बोलतो, हे मला आता कळलं. चौथ्या रविवारी कीवर्ड टॅग आला. कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात ते शब्द. पानाच्या कोडमध्ये एका जागी दीडशे शब्द कोंबा, गूगल वाचतं, असं शिकवलं. मी रात्री बारापर्यंत बसून कोंबले. गूगलने २००९ च्या सप्टेंबरमध्येच जाहीर केलंय की क्रमवारीसाठी हा टॅग ते बघतच नाहीत. इतकी वर्षं मेलेला घोडा, आणि मी त्याला चारा घालत होतो.

आणि हे सगळं फुकट मिळतं. गूगलची स्वतःची सुरुवातीची मार्गदर्शिका २००८ पासून आहे, कोणीही वाचावी. मी वाचली ती पैसे गेल्यावर.

शेवटी प्रमाणपत्रासाठी १,२०० वेगळे. त्यावर ‘गूगल पार्टनर’ असा शिक्का होता, आणि खरं सांगतो, त्या शिक्क्यानेच मला झोपवलं. गूगलचा पार्टनर बिल्ला असतो तो जाहिराती चालवणाऱ्यांसाठी. शोधाच्या नेहमीच्या निकालांशी त्याचा काडीचा संबंध नाही. निकालात वर आणून देण्यासाठी गूगल कोणाशी भागीदारी करत नाही. कोणी ‘आमची आत ओळख आहे’ म्हणाला तर फोन ठेवा, नमस्कार चमत्कारही करू नका.

कोर्स संपला त्याच आठवड्यात कोर्सच्या सरांचा फोन. “काका, तुम्ही हुशार आहात, पण हे करत बसलात तर दुकान कोण बघणार? आम्हीच करतो. नव्वद दिवसांत पहिलं पान, लेखी गॅरंटी.” महिन्याला ९,५००. मी लेखी मागितली, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली, शेवटी हात जोडलेली दोन चिन्हं. तेच माझं करारपत्र.

गूगलच्याच मदतीच्या पानांवर स्वच्छ लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. त्याच पानांवर असंही आहे की कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. नव्वद दिवस म्हणणारा तिथेच उघडा पडतो. पण ते पान उघडायला हवं ना.

मग म्हणाले, तुमचं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कमजोर आहे, नावातच ‘घड्याळ दुरुस्ती’ हे शब्द असलेलं नवीन घेऊ, आमच्याकडून फुकट. नुसतं नावात शब्द घालून वर येण्याची युक्ती गूगलने २०१२ मध्येच बरीचशी बोथट केली. तेही नंतरच कळलं. नवीन नाव त्यांनी घेतलं. कोणाच्या खात्यात घेतलं, हे मी विचारलं नाही. आणि जुन्या नावाची मुदत संपत आली तेव्हा ‘आता कशाला भरताय काका’ म्हणाले, म्हणून तेही मी जाऊ दिलं. आठ वर्षं जपलेलं नाव. ही ओळ लिहिताना पुन्हा चीड आली, थोडा चहा घेऊन येतो.

आता तो क्षण. मला रोज आठवतो.

दुसऱ्या महिन्याचा अहवाल आला. रंगीत, अठरा पानी. पाचव्या पानावर तक्ता: बारा कीवर्ड, त्यातले नऊ पहिल्या पानावर, हिरव्या बाणांसकट. मी नीट वाचला. नवातल्या सहांमध्ये माझ्या दुकानाचंच नाव होतं. दुकानाचं नाव आणि घड्याळ, दुकानाचं नाव आणि दुरुस्ती, दुकानाचं नाव आणि पत्ता. उरलेल्या तिनांतलं एक असं होतं: ‘लंबकाच्या घड्याळाची कमान बदलून देणारे अनुभवी खात्रीशीर कारागीर’. मी हसलो. मनात म्हटलंसुद्धा, असं कोण टाइप करतं बाबा? आणि पान उलटलं.

पान उलटलं! ज्याला माझं नाव आधीच माहीत आहे तो मला शोधतोय आणि मी सापडतोय, यात कोणाचं काय कर्तृत्व? आणि जे वाक्य जगात कोणी शोधत नाही, त्याच्यासाठी पहिला नंबर कोणालाही मिळतो, शर्यतीत दुसरा घोडाच नाही. समोर चालू काटे दाखवून आत यंत्रच नसलेलं घड्याळ कोणी माझ्या हातात दिलं असतं, तर मी वजनावरून ओळखलं असतं. इथे वजन हातात आलं होतं. मी हसलो आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्या महिन्याचे ९,५०० पाठवले.

माझी बाजूही ऐका. दुकानाच्या फोनवरून ‘घड्याळ दुरुस्ती’ शोधलं की माझी साइट वर दिसायची. मला वाटायचं, झालं काम. निकाल तुम्ही कुठे उभे आहात त्याप्रमाणे बदलतात हे कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. दुकानात बसून दुकान शोधलं तर दुकानच दिसणार. स्वतःच्या फोनवर स्वतःचा नंबर बघू नका, कधीच.

चौथा महिना भरला. पॅकेजचे ३८,००० पूर्ण झाले. फोन वाढले नाहीत, उलट कमी झाले. माझ्या भाच्याने विचारलं, “मामा, सर्च कन्सोलमध्ये काय दिसतंय?” मी म्हटलं ते त्यांच्याकडे आहे. तो बघतच राहिला. सर्च कन्सोल गूगलचं फुकट साधन आहे: लोक काय शोधून तुमच्यापर्यंत आले, किती वेळा दिसलात, किती जणांनी दाबलं, सगळं तिथे असतं. साइटचं लॉगिन सुदैवाने माझ्याकडे होतं. भाच्याने एक ओळ कोडमध्ये टाकली आणि दहा मिनिटांत मीही मालक म्हणून आत गेलो. ते कमान बदलण्याचं वाक्य शोधलं, यादीत मागमूस नाही. अगदी क्वचित शोधलेले शब्द तिथे दाखवतही नाहीत.

आणि वर लाल पट्टी. मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलने साइटला दिलेली शिक्षा. कारण: साइटकडे येणारे अनैसर्गिक दुवे, म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवर पेरलेल्या माझ्या साइटच्या लिंक. सूचना पाच आठवडे जुनी होती, त्यांनी वाचलेली असणार, मला सांगितली नव्हती. दुव्यांची यादी उघडली तर परक्या भाषांतली पानं, जुगाराची पानं, औषधांची पानं, आणि प्रत्येकावर माझं घड्याळाचं दुकान. ‘दोन हजार बॅकलिंक’ असं अहवालात अभिमानाने लिहिलं होतं ते हे. दुवे विकत घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, ही काल-परवाची गोष्ट नाही. गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून असल्या दुव्यांवर साइट्स आपटत आल्यात. त्याच तक्त्यात ‘डोमेन अथॉरिटी वाढली’ असंही होतं. ती एका खासगी कंपनीची मोजपट्टी आहे, गूगल ती वापरत नाही.

नवीन मालक आत आला की जुन्या मालकांना ईमेल जातो. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. या वेळी ‘काका’ नव्हतं. “तुम्ही हात कशाला लावला? आता पेनल्टी काढायला १५,००० लागतील.” म्हणजे पेनल्टी माझ्या बघण्याने लागली! आणि मी, सगळं कळल्यावरही, घाबरून ५,००० पाठवले. हे पाच हजार मला उरलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त बोचतात. ७,४९९, १,२००, ३८,०००, ५,०००. बेरीज करून बघा.

पुढे पैसे देणार नाही म्हटल्यावर डोमेन बंद. साइट गायब. नाव त्यांच्या खात्यात.

तक्रारीचं काय झालं विचाराल. पोलीस ठाण्यात गेलो. तिथून सायबरकडे. सायबरच्या टेबलावर पहिला प्रश्न, “ओटीपी दिला होता का?” नाही. “लिंकवर क्लिक केलं होतं का?” नाही. “मग सायबर कसं?” मी अहवाल दाखवला, अठरा पानं. साहेबांनी हिरवे बाण बघितले आणि म्हणाले, “यात तर तुम्ही वर दिसताय.” दुवे म्हणजे काय हे समजावताना माझा घसा कोरडा पडला. शेवटी निदान झालं: व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी बाब, वकील गाठा. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलो तर ते साहेब रजेवर.

ग्राहक तक्रारीच्या कचेरीत करारपत्र मागितलं. व्हॉट्सअ‍ॅपची ओळ दाखवली. म्हणे प्रिंट आणा. प्रिंट नेली. म्हणे यात कंपनीचा पत्ता कुठे आहे? पत्ता नाही म्हणून तर मी आलोय ना तुमच्याकडे! बँकेत कोर्सचे ७,४९९ कार्डाने दिले होते त्याबद्दल विचारलं, तर मुदत उलटून गेली होती, आणि वर ऐकवलं की आठ रविवार बसलात म्हणजे सेवा मिळाली. बाकीचे मी स्वतःच्या हाताने पाठवलेले, त्यांचा प्रश्नच नाही. डोमेन विकणाऱ्या कंपनीने लिहिलं, नाव ज्यांच्या खात्यात आहे त्यांच्याशी संपर्क साधा. तेच तर चोर आहेत, असं मी उलट लिहिलं. तिकीट बंद झालं आणि ईमेल आला: आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. पाच ठिकाणी गेलो, पाचही जणांनी मला एकच वाक्य दिलं, पुढच्या वेळी काळजी घ्या. पुढच्या वेळी म्हणजे कधी? मी हा धंदा दर वर्षी करतो का?

वकिलाने पहिल्या भेटीतच सांगितलं की खर्च वसुलीपेक्षा जास्त होईल. निदान तो खरं बोलला.

वेबसाइट असलेल्यांनी आज, आत्ता हे बघा: डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलंय. बिल तुम्ही भरता यावर जाऊ नका, खातं कोणाचं आहे ते बघा. सर्च कन्सोलमध्ये मालक तुम्ही, बाहेरच्याला फक्त वापरकर्ता म्हणून आत घ्या. अहवालात कीवर्ड दिसला की विचारा, हा किती लोक शोधतात, आणि त्यातलं माझं नाव काढून टाकल्यावर काय उरतं. दुवे कुठून आणणार ते सांगत नसेल तर घेऊ नका. आणि जुनं नाव सोडू नका. कोणी कितीही गोड बोललं तरी.

आता नवीन नाव घेतलंय. माझ्या ईमेलवर, माझ्या खात्यात. सात पानं स्वतः लिहिली, पहिल्या तीन रविवारी शिकवलं होतं तसं. पासवर्ड वहीत लिहिलाय. वही कुठे ठेवलीय ते भाच्यालासुद्धा सांगितलेलं नाही.