बुंदी, शी-शूचा ट्रे आणि आमची ऑफिसची वेळ: आठ महिन्यांनंतर

बुंदी, आमची कुत्री, डिसेंबरात आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम नऊ आठवड्यांची होती. देशीच, एका पार्किंगमध्ये जन्मलेली. आम्ही दोघंही नोकरी करणारे, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दिवसाचे नऊ तास दाराला कुलूप. पहिले पंधरा दिवस मी घरूनच काम केलं. मग शू शोषून घेणाऱ्या, जमिनीवर अंथरायच्या पॅडचं पाकीट आणि लोखंडी जाळीचं घडीचं कुंपण घेतलं आणि महिन्याभराने खोट्या गवताचा ट्रे.

आधी पॅडबद्दल. शोषून घेतं छान, त्यात खोट काढणार नाही. पण आमच्या बाईसाहेबांना त्यावर बसण्यापेक्षा ते फाडण्यात जास्त रस. एका संध्याकाळी दार उघडलं तर घरात पिंजारी येऊन गेल्यासारखा कापूस, त्यात पॅडमधले फुगलेले चिकट दाणे आणि मधोमध ही, शेपूट हलवत. दाणे पोटात गेले की काय म्हणून डॉक्टरांना फोन केला. रात्रभर लक्ष ठेवा म्हणाले. काही झालं नाही, पण झोप गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. पॅडवर शिकलेलं पिल्लू ‘पॅड’ शिकत नाही, ‘पायाखाली मऊ लागलं की करायचं’ एवढंच शिकतं. मग बाथरूमबाहेरचं पायपुसणं, सोफ्यापुढची सतरंजी आणि एकदा तर सासूबाईंचं पूजेचं आसन. त्या दिवसापासून घरातली सगळी पायपुसणी दोरीवरच, अजूनही.

ट्रे मात्र पैसे वसूल. वर गवत, मध्ये जाळी, खाली तसराळं. दातांना कापूस लागत नाही, त्यामुळे फाडाफाडी बंद. आणि पायांना गवताची सवय झाल्यामुळे पुढे खाली बागेत नेल्यावर तिला फार समजवावं लागलं नाही. सुरुवातीला ट्रेवर तिने शू केलेल्या पॅडचा तुकडा ठेवला होता, वासाने ती आपसूक तिथे गेली. दोष एकच, वास. दिवसाआड गवत धुवावंच लागतं, नाहीतर बाल्कनीत उभं राहवत नाही. जुलैत ते दोन-दोन दिवस वाळेना, म्हणून जादा गवत वेगळं मागवलं. ते पहिल्याच दिवशी घ्या.

पुसण्याबद्दलही. मी सवयीने फिनेल मारायचे. आपल्याला स्वच्छ वाटतं, तिचं नाक फसत नाही, परत त्याच कोपऱ्यात. एन्झाइमवालं क्लिनर महाग आहे, पण लघवीचा वास मुळातून तेच काढतं. अमोनियाचा वास असलेलं काहीही नको, कारण लघवीलाही तसाच वास असतो.

आता कुंपण. मी आधी हौसेने अख्खी बाल्कनी घेरून दिली. चूक. कुत्रं झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही, पण जागा ऐसपैस असली की ‘झोपायची’ आणि ‘करायची’ यात फरकच उरत नाही. कुंपणाचे चार भाग काढून आकार निम्मा केला, एका टोकाला गादी, दुसऱ्या टोकाला ट्रे. आठवड्यात फरक दिसला. पाणी मात्र दिवसभर ठेवलं. शू कमी व्हावी म्हणून वाटी उचलून ठेवणारे लोक मला भेटलेत, तसलं काही करू नका.

पण खरं सांगायचं तर यातल्या कुठल्याच वस्तूने आमचा प्रश्न सुटला नसता. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, तितके तास अधिक एक. म्हणजे तेव्हाची बुंदी फार तर तीन तास धरणार, आणि आम्ही नऊ तास बाहेर. हे गणित ट्रेने सुटत नाही, माणसाने सुटतं. आमच्याकडे ते पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सोडवलं. साडेबाराला वर येऊन तिला जेवण द्यायच्या, जेवल्यावर दहा मिनिटं ट्रेपाशी थांबायच्या, केलं की लगेच ‘गुणाची गं माझी’ आणि एक चणा. चारला त्यांची नात शाळेतून आली की पुन्हा एक फेरी. पिल्लाला उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळल्यावर लागतेच, तेवढ्या वेळा कुणीतरी हवं. काकू पैसे घेत नाहीत, त्यांची भाजी मी आणते.

ओरडण्याचा प्रयोगही करून झाला. संध्याकाळी येऊन सांडलेलं दाखवून दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा लॅचचा आवाज झाला आणि ती सोफ्याखाली गेली. तिला शूचा धडा कळला नव्हता, मी आले की ओरडते एवढंच कळलं होतं. सोफ्याखालून बाहेर काढायला अर्धा तास आणि बरंच पनीर लागलं. साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, ‘आमच्या मोत्याला कुणी शिकवलं होतं? दार उघडं असायचं.’ बरोबरच आहे, दारच तर बंद असतं आमचं.

पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराच्या) भीतीने लसी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवलं नाही. फेब्रुवारीत उतरवलं तेव्हाही लिफ्टची वाट बघताना दोनदा तिथेच झालं, मग महिनाभर कडेवर घेऊन जिन्याने. आता दहा महिन्यांची आहे, पाच-सहा तास आरामात धरते. कुंपण घडी करून माळ्यावर गेलं, उरलेली पॅड मी गाडीच्या डिकीत टाकलीत. ट्रे अजून बाल्कनीतच आहे. परवा धो-धो पाऊस होता, खालपर्यंत गेली, पायरीवरून बाहेर पाहिलं, वळली आणि थेट वर येऊन ट्रेवर उभी राहिली.