मामा तलावाचं काम काढताय? टोपोशीट बघावी की उपग्रहचित्र?

गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या सिंचन तलावाचा, गाळ काढायचा विषय ग्रामसभेत येणार असेल, तर आधी नकाशा उघडा. भंडारा-गोंदियाच्या तलावांसाठी मी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, पहिली घेईन, उपग्रहचित्र नंतर.

कारण पाणलोट. 1:50,000 च्या टोपोशीटवर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा असतात. पाळीपासून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधापासून, वरच्या अंगाला बोट फिरवत उंचवटे जोडत गेलं, की या तलावात कुठलं पाणी उतरतं ते कागदावरच कळतं. पाळीशेजारी '5r' छापलेलं असेल तर ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 5 मीटर उंच. आपल्याकडे तलाव साखळीत आहेत, वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो. खालचा तलाव भरत नसेल तर दोष गाळाचा की वर अडलेल्या पाण्याचा, हे आधी समजायला हवं. नाहीतर गाळ काढूनही तलाव रिकामाच राहील.

पण टोपोशीटवर नकाशातला 1 सेंमी म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. एक हेक्टरचा तलाव जेमतेम 2 मिमीचा ठिपका होतो, लहान बोड्या (शेतातली छोटी तळी) तर गायबच. रेषांमधलं अंतर साधारण 20 मीटर उंचीचं, त्यामुळे धानाच्या सपाट बांध्यांत तलावाची उथळ कड दिसत नाही. सर्वेक्षणाचं सालही समासात बघाच. जुन्या शीटवर वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा जलाशय सापडायचा नाही.

इथे इस्रोचं भुवन संकेतस्थळ किंवा गुगल अर्थ कामी येतं. एकाच तलावाचं नोव्हेंबरचं आणि मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवा: पाणी किती मागे हटलं, तलावाच्या पोटात कुणी शेती चढवली, सगळं उघड होतं. फक्त हिरव्या रंगावर विसंबू नका. बेशरम हे माजलेलं झुडूप आणि देवधान हा उथळ पाण्यात उगवणारा रानटी धान वरून सारखेच हिरवे दिसू शकतात. बेशरम उपटायची असते, देवधान राखायचं असतं. सारस आणि बदकं चरतात ती हीच उथळ कड, आणि जेसीबी सरसकट फिरला की पहिली तीच जाते. म्हणून चित्राची प्रिंट घेऊन गावच्या ढिवरांसोबत (मासेमारी करणाऱ्यांसोबत) काठाने फिरा आणि कुठे खोदायचं नाही ते त्यावरच आखून घ्या.

ओपन सीरीजच्या, म्हणजे सर्वांसाठी खुल्या, टोपोशीट सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतात. हद्दीचा वाद असेल तर मात्र टोपोशीट आणि उपग्रहचित्र दोन्ही बाजूला सारा, त्याला गाव नकाशा आणि मोजणीच लागते.