जंजिरा की अर्नाळा? नाशिककरांसाठी थोडं सविस्तर

दोन दिवसांच्या सुट्टीत समुद्र, किल्ला आणि कोळीवाडा तिन्ही बसवायचं म्हटलं, की आमच्या पंचवटीतल्या घरी चर्चा दोन नावांवर येऊन थांबते: मुरुड-जंजिरा आणि विरारजवळचं अर्नाळा. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो आहोत. दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

भव्यतेत जंजिऱ्याला तोड नाही. राजपुरीहून होडी निघाली की अख्खा तट समोर असतो, पण दरवाजा काही दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यातून तो एकदम उघडतो. आत कलालबांगडी तोफ आहे आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. १६८२ मध्ये संभाजीराजांनी किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकून किल्ल्याला भिडायचा घाट घातला होता. ते अंतर होडीतून कापताना त्या धाडसाचा अंदाज येतो. मुरुडसमोर शिवरायांनी उभारलेला पद्मदुर्गही आहे. त्याच्या तटाचे दगड लाटांनी खोलवर झिजले आहेत, पण दगडांमधला चुना अजून तसाच पुढे आलेला दिसतो. खाडीपलीकडच्या एकदऱ्याच्या कोळीवाड्यात सकाळी होड्या लागतात तेव्हा जरूर जावं. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याच्या मोहिमेत पुढे झालेल्या लाय पाटलांची गोष्ट या किनाऱ्यावर अजून सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी त्यांना पालखी देऊ केली. दर्यावर राहणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, म्हणून त्यांनी ती नाकारली. मग महाराजांनी 'पालखी' नावाचं गलबतच बांधून दिलं, असं सांगतात.

एवढं सगळं असूनही जंजिऱ्याहून परतताना आमचं मन भरलं नव्हतं, आणि त्याला कारण घड्याळ. आम्ही गेलो तेव्हा होडीवाल्याने किल्ल्याच्या पायरीवर उतरवतानाच बजावलं, पाऊण तासात इथेच या. लाटेवर वरखाली होणाऱ्या होडीतून वडिलांना हात धरून पायरीवर घेतलं, त्यातच पाच-सात मिनिटं गेली. दरवाजाशी वाघाने पंजात हत्ती धरल्याचं शिल्प आहे. वडील तिथे थांबले. त्यांना प्रत्येक दगड नीट बघायचा असतो, वयाची पंचाहत्तरी उलटली तरी ही सवय गेलेली नाही. मागून गाइडचा आवाज, 'चला चला, पुढे तोफ आहे.' तलावाच्या काठावर बसून पाणी प्यावं म्हटलं, तर खालून हाका सुरू. बालेकिल्ल्याकडे आम्ही वळलोच नाही, आणि पश्चिमेचा दर्या दरवाजा तर राहूनच गेला. होडीवाल्यांचंही बरोबर आहे, पुढची माणसं धक्क्यावर ताटकळत असतात. पण नाशिकहून सगळा दिवस गाडीत घालवायचा, अलिबाग-रेवदंडा करत पोचायचं आणि ज्यासाठी आलो तिथे पाऊण तास, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

अर्नाळ्याला हे घड्याळ नाही. बेटावर गाव आहे आणि होडी गावाची आहे, तुमच्यासाठी ती वेगळी येत नाही की तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्या शेजारी एक मावशी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परतत होत्या, समोर दप्तरं मांडीवर घेतलेली पोरं. पलीकडे उतरल्यावर कुणी तुम्हाला विचारत नाही, कधी परत जाणार. शेवटची होडी किती वाजता ती तेवढी उतरतानाच विचारून ठेवा, बाकी दिवस तुमचा.

किल्ला जंजिऱ्याच्या मानाने लहान. १७३७ मध्ये मराठ्यांनी बेट पोर्तुगिजांकडून घेतलं आणि तिथे नव्याने बांधकाम केलं. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे, आणि पाश्चात्त्यांना मारून समुद्राच्या पोटात जंजिरा, म्हणजे जलदुर्ग, बांधण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. वडिलांनी तो अक्षर लावत लावत वाचला. अर्धा तास गेला असेल, आम्ही तटाच्या सावलीत शेंगदाण्याची चिक्की खात बसलो होतो. आत अष्टकोनी तळं आहे आणि त्याच्यापाशी महादेवाचं देऊळ, नाव त्र्यंबकेश्वर. नाशिकच्या माणसाला तिथे हात जोडताना काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. तटाच्या आत भाजीचे वाफे, बाहेर कालिकामातेचं देऊळ, त्यापुढे घरांसमोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आणि अंगणात जाळी दुरुस्त करणारी माणसं. नौदलाने जून २०२५ मध्ये विशाखापट्टणमला याच किल्ल्याचं नाव असलेली नवी पाणबुडीविरोधी युद्धनौका ताफ्यात घेतली, याचा मला फार आनंद झाला.

उणिवाही सांगायला हव्यात. अलीकडच्या किनाऱ्यावर रविवारी रिसॉर्टवाल्या गर्दीचा त्रास होतो, ओहोटीच्या रेषेवर प्लॅस्टिक असतं, आणि वाळत्या मासळीचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी विचार करूनच जावं. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, त्यामुळे होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र वाटू शकतं, म्हणून भरतीची वेळ बघूनच निघावं.

माझ्या मते अर्नाळ्याचं पारडं आणखी जड होतं ते दुसऱ्या दिवशी, वसईच्या किल्ल्यात. किल्लाबंदर आणि पाचूबंदरचे कोळीवाडे किल्ल्याला लागूनच आहेत. तटावरून खाली बघितलं की नांगरलेल्या होड्यांची रांग दिसते, कितीतरी होड्यांवर क्रूस. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी हा किल्ला जिंकला आणि त्या विजयाची पोर्तुगीज घंटा आपल्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर आली. १७२१ साल कोरलेली ती घंटा आपण लहानपणापासून बघतो. पुराचं पाणी कुठवर आलं हे सांगताना तिचं नाव घेतो. ती जिथून निघाली त्या भिंतींत उभं राहिल्याशिवाय ही गोष्ट नाशिककराची अर्धीच राहते, असं मला मनापासून वाटतं.

तरणी मंडळी असतील, हाताशी तीन दिवस असतील आणि मुक्काम मुरुडलाच असेल, तर जंजिऱ्याला जरूर जा. सकाळची पहिली होडी धरा आणि शनिवार-रविवार टाळा. शुक्रवारी दुपारी आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो. घरात वयस्कर माणसं असतील किंवा रेंगाळायची आवड असेल, तर अर्नाळा. पहाटे निघून त्र्यंबक-मोखाडा-जव्हारमार्गे मनोरला उतरा, घाट सुंदर आहे आणि भिवंडीची कोंडी टळते. रेल्वेने जायचं तर पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि पुढे विरार लोकल. बेटावर जेवणाची खात्री धरू नका, डबा न्या. येताना आगाशी-वसईकडची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर आणा, आमच्याकडे ती नाशिकला पोचेपर्यंत उरत नाहीत.