एमडीएमटी काढणारं सॉफ्टवेअर: हिशेब उघडा ठेवतं, म्हणून आवडलं

प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणारी टाकी) डिझाइनच्या आमच्या नव्या सॉफ्टवेअरमधला एमडीएमटीचा, म्हणजे व्हेसल किती कमी तापमानापर्यंत सुरक्षित वापरता येईल ते काढण्याचा, भाग मला मनापासून आवडला. शेल, डिश एंड, नोझल, पॅड, प्रत्येकाची गव्हर्निंग (हिशेबात धरायची) जाडी, एएसएमई कोडच्या यूसीएस-६६ कलमातला वक्र (पोलादाच्या प्रकारानुसार जाडीवरून किमान तापमान देणारी रेषा) आणि ताणाच्या गुणोत्तरामुळे, म्हणजे प्रत्यक्ष ताण मर्यादेपेक्षा कमी असल्यामुळे, मिळालेली सूट ते वेगवेगळ्या रकान्यांत दाखवतं. सगळ्यांत उबदार आकडा ज्या भागाचा, तो ठळक होतो. अख्ख्या व्हेसलचं एमडीएमटी तोच ठरवतो. इन्स्पेक्टरने 'हा आकडा आला कुठून?' विचारलं की बोट ठेवून दाखवता येतं.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती गंभीर आहे. एसए-५१६ ग्रेड ७० हे पोलाद निवडलं की प्लेट नॉर्मलाइज्डच (तापवून हवेत गार केलेली) आहे असं ते परस्पर धरतं आणि 'डी' वक्र लावतं. २५ मिमी जाडीला 'डी'वर सुमारे उणे ३४ अंश सेल्सिअस मिळतात. नॉर्मलाइज न केलेल्या प्लेटला 'बी'वर जेमतेम उणे १. ठिसूळ भंगाचा धोका याच फरकात दडलेला असतो! मिल सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा दाखला) हातात येईपर्यंत मी तो पर्याय बंदच ठेवते. कंपनीने तिथे सरळ प्रश्न विचारायला हवा.

पीडब्ल्यूएचटीची, म्हणजे वेल्डिंगनंतरच्या उष्णोपचाराची, १७ अंशांची सूट मात्र ते पी-नंबर १ (कार्बन पोलादांचा गट) मटेरियलला, आणि कोडने ती प्रक्रिया सक्तीची केली नसेल तेव्हाच देतं. हे अगदी बरोबर.