पवना की मुळशी? तलावाकाठी जागा घेताना

दोन्ही तलाव धरणांचे आहेत, त्यामुळे पाण्याची कड विकत मिळत नाही. पवनेची कड जलसंपदा विभागाकडे, मुळशीची टाटांच्या वीज कंपनीकडे. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो मुळशीच्याच भूसंपादनाविरुद्ध. ‘लेक टच’ प्लॉटची हद्द बहुधा संपादन रेषेवरच, म्हणजे धरणासाठी घेतलेल्या जमिनीच्या सीमेवरच संपते. पुढचा उतार बघायला तुमचा, कागदावर दुसऱ्याचा. मे महिन्यात पाणी हटलं की तिथं भेगाळलेला गाळ उरतो, म्हणून जागा मेमध्येही बघा आणि जुलैमध्येही.

मुंबईकरांना पवना सोयीचं: लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून किंवा कामशेतवरून पवनानगर. समोर तुंग, तिकोना हे किल्ले. पण शनिवारी रात्री तंबूंतले स्पीकर पाण्यावरून थेट घरात येतात. बंगला भाड्यानं द्यायचा असेल तर हरकत नाही, कायम राहायचं असेल तर मुळशी बरं. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असा सरळ रस्ता. पिरंगुटची कोंडी मात्र धरूनच चाला. ताम्हिणीकडे सरकाल तसा पाऊस वाढतो. तिकडे सपाट स्लॅब टिकत नाही, वर उतरतं छप्पर घालावंच लागतं. वीज गेली की लवकर येत नाही.

खरी मेख कागदात आहे. शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही) 20 गुंठे, तरी 5-5 गुंठे (गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट) पाडून विकतात आणि सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. पुढं पोटहिस्सा मोजायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात, बांधकाम परवानगी अडते, आणि एका हिस्सेदाराचं भांडण सगळ्यांना भोवतं.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना शब्दन् शब्द वाचा. भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळकायद्याची अट, आदिवासी खातेदार, खासगी वन, पुनर्वसनासाठी हस्तांतरणबंदी, यांतलं काहीही दिसलं तर आधी वकील, मग व्यवहार. पवनेकाठी धरणग्रस्तांचा प्रश्न अजून रेंगाळलेला आहे, तिथं जुने फेरफारही (मालकीबदलाच्या नोंदी) काढा. रस्ता नकाशावर आहे का, की शेजाऱ्याच्या बांधावरून नुसती वहिवाट? तलावातून पाणी उचलायला परवानगी लागते, आणि इथल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) बोअरला पाणी लागेलच असं नाही.

इसार देण्याआधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या. ती खरेदीखतापर्यंत लांबणारच असेल, तर ‘क्षेत्र कमी भरल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी’ ही अट इसारपावतीत लिहून घ्या.