आरटीईची जागा की नवोदयची तयारी?

बीडकडचं एक ऊसतोड करणारं जोडपं विचारत होतं: मुलीला पहिलीला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, खासगी इंग्रजी शाळेत घालावं, की झेडपीत ठेवून पाचवीत नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या परीक्षेला, बसवावं?

आरटीईच्या 25 टक्के जागांवर फी लागत नाही, पण आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी समोर येते. गाडीभाडं आणि स्नेहसंमेलनाचे कपडे तर पहिल्या वर्षापासूनच. नवोदयमध्ये सहावी ते बारावी राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासूनचा विकास निधी मुलींना माफ.

मिळण्याची खात्री दोन्हीकडे नाही. आरटीईला सोडत, म्हणजे नशीब. नवोदयला परीक्षा, आणि सहावीसाठी ती एकदाच देता येते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना; त्यासाठी तिसरी ते पाचवी गावातल्या शाळेत हवी.

खरा प्रश्न टिकण्याचा. आईवडील कारखान्यावर गेले की मुलगी आजीकडे, नाहीतर थेट फडावर. इंग्रजी डायरीतल्या सूचना वाचणार कोण? मग शिकवणी लावावी लागते, आणि 'मोफत' तिथंच संपतं. नवोदयमध्ये ही अडचण नाही, पण दहा-अकराव्या वर्षी घर सोडणं सगळ्यांना झेपत नाही.

वर्षभर एकाच गावात काम, घरात कोणीतरी शिकलेलं आणि नववीच्या फीची सोय दिसत असेल, तर आरटीई घ्या. दरवर्षी कोयता घेऊन निघावं लागत असेल, तर गावातली झेडपी, तिथलं हंगामी वसतिगृह आणि पुढे नवोदय. नवोदय हुकलं तरी झेडपी सुटत नाही. आणि हो, आरटीईतलं मूलही नवोदयला बसू शकतं, हे बरेच जण विसरतात.